जुनी टू-व्हील पिकअप फोर-व्हील करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुनी टू-व्हील-ड्राइव्ह पिकअप फोर-व्हील-ड्राइव्ह करता येते का?

येते. पण पुढे एक डिफ (डिफरन्शियल, म्हणजे धुऱ्यातला चाकांना फिरवणारा गिअरसंच) लावला की झालं, इतकं ते सोपं नाही. पुढचं सस्पेन्शन, स्टिअरिंग, ब्रेक, गिअरबॉक्सची शेपटी, तिच्यामागे ट्रान्सफर केस (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या धुऱ्यांत वाटणारी पेटी), दोन प्रोपेलर शाफ्ट (ती ताकद धुऱ्यांपर्यंत नेणारे दांडे), कधी सायलेन्सरचा पाइप आणि इंधनाची टाकीसुद्धा, एवढ्या सगळ्याला हात लावावा लागतो. कापणं आणि वेल्डिंग करणं हा त्यातला छोटा भाग. खरा वेळ जातो जुळवाजुळवीत: रेशो (डिफच्या एका फेऱ्याला शाफ्टचे किती फेरे), डिफची बाजू, शाफ्टचे दाते, कोन, चाकाच्या बोल्टांची पीसीडी (बोल्ट ज्या वर्तुळावर बसतात त्याचा व्यास). यातलं एक चुकलं तर बाकीचं सगळं बरोबर असूनही गाडी नीट चालत नाही. म्हणून खालची बरीच उत्तरं "आधी मोजा, मग सामान घ्या" याच वळणाची आहेत.

करावी का, हा प्रश्न आधी विचारायला हवा ना?

हो, आणि प्रामाणिकपणे विचारायला हवा. गाडी वर्षातून चार वेळा चिखलात रुतते एवढंच कारण असेल, तर मागच्या डिफमध्ये लॉकर किंवा लिमिटेड स्लिप (एकच चाक रिकामं फिरू न देणारी यंत्रणा), चांगल्या खोल खाचांचे टायर आणि पुढे एक विंच (तारेने गाडी ओढून काढणारं यंत्र) यांवर भागतं. रिकाम्या पिकअपच्या मागच्या चाकांवर वजनच नसतं, त्यामुळे ती लवकर घसरते. हौद्यात, धुऱ्याच्या बरोबर वर, नीट बांधलेलं शे-दीडशे किलो वजन ठेवलं तरी फरक जाणवतो.

त्याच मॉडेलची फोर-व्हील गाडी कंपनीने काढली असेल आणि ती मिळत असेल, तर ती विकत घेणं जवळजवळ नेहमी स्वस्त पडतं. रूपांतर करायचं ते हीच गाडी ठेवायची आहे म्हणून: बॉडी गंजलेली नाही, इंजिन नुकतंच बांधलंय, किंवा तिच्याशी जीव जडलाय. ही कारणं आम्हाला पुरेशी वाटतात.

पूर्ण चासी बदलली तर?

त्याच पिढीची फोर-व्हील गाडी मिळत असेल तर आमचा पहिला सल्ला हाच राहील. बॉडी गेली पण चासी शाबूत आहे अशी गाडी शोधा. तुमची केबिन आणि हौदा उचलून तिच्यावर ठेवा. केबिनचे माउंट, वायरिंग, ब्रेकचे पाइप, पेडल हे बरंचसं जागच्या जागी बसतं आणि धुऱ्याची भूमिती कारखान्यातली राहते. हौद्याचे गंजलेले बोल्ट आणि केबिन माउंटचे रबर यांत एखादा दिवस जातो, पण स्टिअरिंगचे महिनाभराचे प्रयोग वाचतात. चासी नंबर मात्र बदलतो, म्हणून कागदपत्रांचा विचार आधी करा.

कोणत्या गाड्यांत हे काम त्यातल्या त्यात सरळ जातं?

जिथे कंपनीने एकाच साच्यातून दोन्ही प्रकार काढले तिथे. १९७३ ते १९८७ च्या शेवरोले सी आणि के ट्रकांचं उदाहरण घ्या. सी म्हणजे टू-व्हील, पुढे कॉइल स्प्रिंग आणि स्वतंत्र सस्पेन्शन. के म्हणजे फोर-व्हील, पुढे पाट्यांवर (लीफ स्प्रिंगवर) सरळ धुरा. बॉडी तीच, इंजिनं तीच, त्यामुळे के ट्रकचे सुटे भाग कुठून काढायचे ते माहीत असतं. चाकं मात्र वेगळी: सी-१० ला ५ बोल्ट, १२७ मिलिमीटर पीसीडी; के-१० ला ६ बोल्ट, १३९.७ मिलिमीटर.

टोयोटा हायलक्सला फोर-व्हील १९७९ मध्ये आली ती पाट्यांवरच्या सरळ पुढच्या धुऱ्यासकट. पिकअपखाली सरळ धुरा घालणाऱ्यांचा हा लाडका धुरा आहे, कारण तो आटोपशीर आहे आणि त्याचे भाग भरपूर मिळतात. १९८० ते १९९६ च्या फोर्ड एफ-१५० मध्ये दोन्ही प्रकारांत पुढे दोन वेगवेगळे बीम असतात. फोर-व्हीलमध्ये त्याच बीमच्या पोटात डिफ आणि शाफ्ट आहेत, आणि चाकांची पीसीडी दोन्हीकडे सारखी आहे.

सामान काय काय लागतं?

पूर्ण देणगीदार गाडी घ्या, म्हणजे जिचे भाग काढून वापरायचे अशी जुनी फोर-व्हील गाडी. तुकड्या-तुकड्यांनी जमवलेलं सामान शेवटी महाग पडतं, कारण कंस, वॉशर, हातभर लांबीचा पाइप असल्या बारीकसारीक गोष्टी कुणी वेगळ्या विकत नाही. तिच्यावरून हे उतरवा: ब्रेक आणि हबसकट पुढचा धुरा, पाटे, शॅकल आणि त्यांचे ब्रॅकेट, स्टिअरिंग बॉक्स, पिटमन आर्म (स्टिअरिंग बॉक्सखालचा हात) आणि ड्रॅग लिंक (त्या हातापासून चाकाकडे जाणारा दांडा), गिअरबॉक्स आणि त्याला जोडलेली ट्रान्सफर केस, त्यांचा क्रॉस मेंबर, दोन्ही प्रोपेलर शाफ्ट, ट्रान्सफर केसचा लिव्हर आणि त्याची बूट-प्लेट, मास्टर सिलिंडर, स्पीडोमीटरची केबल. शक्य असेल तर मागचा धुराही. तो घेतला की रेशो आणि पीसीडी हे दोन्ही प्रश्न एका फटक्यात मिटतात.

काढण्याआधी फोटो काढा आणि चासीवरच्या ठळक भोकापासून प्रत्येक ब्रॅकेटचं अंतर टेपने मोजून लिहून ठेवा. पाट्याचे हँगर पुढे किती, मागे किती, हे नंतर अंदाजाने सांगता येत नाही.

पुढचा आणि मागचा रेशो सारखाच का हवा?

पार्ट-टाइम ट्रान्सफर केस फोर-व्हीलमध्ये दोन्ही शाफ्ट एकाच गतीने फिरवते, मध्ये डिफरन्शियल नसतो. समजा पुढे ३.७३ आहे आणि मागे ४.१०. तेवढ्याच शाफ्ट-फेऱ्यांत मागची चाकं १०० मीटर गेली तर पुढची ११० मीटर जायला बघतात. हे १० मीटर कुठेतरी घसरून भरून निघायला हवेत. चिखलात टायर घसरतात. कडक जमिनीवर घसरता येत नाही, मग केसमधली साखळी ताणते, क्रॉस (शाफ्टच्या टोकाचा फिरता सांधा) तुटतो, किंवा ट्रान्सफर केसचं कवच तडकतं.

४.१० आणि ४.११ मधला फरक पाव टक्क्याच्या आत आहे, तो चालतो. टायरची झीज आणि हवा यांतूनच तेवढा फरक पडतो. टायर मात्र चारही एकाच मापाचे आणि साधारण सारखे झिजलेले हवेत.

डिफच्या प्लेटवरचा नंबर पुसलाय. रेशो कसा मोजायचा?

डिफ उघडलेला असेल तर क्राऊन (आतला मोठा गिअर) आणि पिनियन (शाफ्टने फिरणारा छोटा गिअर) यांचे दाते मोजा: क्राऊनचे ४१, पिनियनचे १०, म्हणजे ४.१०, ४१ आणि ११ म्हणजे ३.७३, ४१ आणि ९ म्हणजे ४.५६, ३९ आणि ८ म्हणजे ४.८८.

बंद असेल तर धुऱ्याखाली स्टँड लावून दोन्ही मागची चाकं उचला, पुढच्या चाकांना ओट लावा, गिअर न्यूट्रल करा, हँडब्रेक सोडा. टायरवर आणि प्रोपेलर शाफ्टवर खडूने एकेक रेघ मारा. एकाने डावं चाक घट्ट धरायचं, दुसऱ्याने उजवं चाक पूर्ण २० फेरे फिरवायचं, तिसऱ्याने खाली बसून शाफ्टचे फेरे मोजायचे. साध्या डिफमध्ये एक चाक थांबलेलं असलं की दुसऱ्याचे २ फेरे म्हणजे क्राऊनचा १ फेरा. म्हणजे इथे क्राऊन १० वेळा फिरला. शाफ्टचे ४१ फेरे भरले तर रेशो ४.१०. सदतीस फेरे होऊन वर पाव-एक फेरा झाला तर ३.७३. दोनच फेरे फिरवून "चारच्या वर थोडं" असं म्हणून थांबू नका, कारण त्या "थोडं"मध्ये दोन वेगळे रेशो लपतात. लॉकर असेल तर दोन्ही चाकं एकत्र १० फेरे फिरवा, हिशोब तोच.

पुढचा डिफ डावीकडे की उजवीकडे?

ट्रान्सफर केसचं पुढचं तोंड (जिथून पुढचा शाफ्ट निघतो) ज्या बाजूला, त्या बाजूला. केस आणि धुरा वेगवेगळ्या गाड्यांचे घेणारे इथे हमखास फसतात. जुन्या शेवरोले ट्रकांतल्या एनपी२०५ या ट्रान्सफर केसचं तोंड उजवीकडे, फोर्ड एफ-१५० चं डावीकडे. विरुद्ध बाजूंचे भाग जोडायचे म्हटलं तर शाफ्ट इंजिनच्या ऑइल चेंबरखालून तिरपा न्यावा लागेल, आणि तो कोन कुठलाही क्रॉस सहन करणार नाही.

धुरा उलथा करून डिफची बाजू बदलता येईल का, असं बरेच जण विचारतात. नाही. धुरा वरचा खाली केला की पिनियन त्याच दिशेने फिरत राहतो, पण चाकांची दिशा उलटते. मागची चाकं पुढे आणि पुढची मागे जायला लागतात. शिवाय पिनियन बेअरिंगला तेल पोहोचवणारी वाट वर जाते.

आहे तोच गिअरबॉक्स ठेवता येईल का?

कधी कधी. टू-व्हीलच्या गिअरबॉक्सचा आउटपुट शाफ्ट लांब असतो आणि त्यावर शेपटीचं हाउसिंग असतं. फोर-व्हीलमध्ये तोच शाफ्ट आखूड आणि वेगळ्या दात्यांचा असतो, आणि शेपटीच्या जागी ट्रान्सफर केसचा अ‍ॅडॉप्टर बसतो. नुसती शेपटी बदलून भागत नाही. शाफ्ट बदलायला गिअरबॉक्स संपूर्ण खोलावा लागतो. तो खोलायचाच असेल तर बेअरिंग, सिंक्रो आणि सील त्याच वेळी नवे घाला. बहुतेकदा फोर-व्हीलचा पूर्ण गिअरबॉक्सच लावणं शहाणपणाचं.

दाते मोजल्याशिवाय ट्रान्सफर केस घेऊ नका. एकट्या एनपी२०५ मध्येच १०, २७ आणि ३२ दात्यांची इनपुट आढळतात. बाहेरून केस तीच दिसते, बोल्टसुद्धा बसतात, आणि शाफ्ट आत जात नाही.

तिसरा मार्ग म्हणजे सुटी ट्रान्सफर केस. ती गिअरबॉक्सला न चिकटता चासीवर वेगळी टांगलेली असते आणि मध्ये एक आखूड शाफ्ट असतो. १९७० च्या दशकातल्या काही फोर्ड आणि डॉज ट्रकांत अशी एनपी२०५ होती. गिअरबॉक्सला हात लागत नाही हा मोठा फायदा. पण केस मागे सरकते, मागचा शाफ्ट आखूड होतो, आणि मधल्या शाफ्टचे कोन थोडे जरी चुकले तरी केबिनभर थरथर होते. तिचे माउंट रबरावर हवेत आणि कंस चासीच्या दोन्ही बाजूंना बांधलेला हवा.

ट्रान्सफर केस कोणती चांगली?

एनपी२०५ ओतीव लोखंडाची आणि पूर्ण गिअरची आहे. मोडायला कठीण, पण वजन ६० किलोच्या वर आणि लो रेशो (सावकाश पण जोरात चालायच्या गिअरचा) फक्त १.९६. एनपी२३१ अ‍ॅल्युमिनियमची, साखळीवर चालणारी, बरीच हलकी, आणि लो २.७२. चढावर सावकाश चालायचं असेल तर लो रेशोला महत्त्व आहे: पहिला गिअर ४.०, लो २.७२ आणि डिफ ४.१० यांचा गुणाकार साधारण ४४.६ येतो, तर १.९६ घेतल्यावर ३२ च्या आसपास. जड माल ओढणाऱ्या गाडीला आम्ही गिअरची केस सुचवू, बाकीच्यांना साखळीची पुरते. तेल एकसारखं नाही: एनपी२०५ ला गिअर ऑइल, एनपी२३१ ला ऑटोमॅटिक ट्रान्समिशनचं पातळ तेल. साखळीच्या केसमध्ये जाड तेल घातलं तर तिचा छोटा पंप ते नीट उचलत नाही आणि मागचं बेअरिंग कोरडं पडतं.

स्वतंत्र सस्पेन्शन काढून पाटे कसे बसवायचे?

जुन्या सस्पेन्शनचा क्रॉस मेंबर बहुतेक गाड्यांत इंजिनही पेलतो. कापण्याआधी इंजिन वरून साखळीने टांगा आणि दोन्ही साइड मेंबरमध्ये लोखंडी अँगल वेल्डिंगचा छोटा टाका लावून धरा. नाहीतर कापल्याबरोबर चासीची तोंडं काही मिलिमीटर फाकतात किंवा जवळ येतात, आणि ते नंतर रेडिएटरच्या पट्टीचे बोल्ट बसवताना कळतं. बॅटरीची केबल आणि अल्टरनेटर सोडून ठेवा. ब्रेकचे आणि इंधनाचे पाइप बाजूला घ्या, ओलं फडकं टाकून भागत नाही.

हँगरमागे ५-६ मिलिमीटर जाडीची प्लेट द्या. प्लेटची टोकं चौकोनी ठेवू नका, माशाच्या तोंडासारखी तिरकी कापा. चासीच्या वरच्या-खालच्या पट्टीवर आडवं वेल्डिंग करू नका, चीर तिथूनच सुरू होते. भोकं उभ्या भिंतीत पाडा. बंद पेटीसारख्या चासीत बोल्टभोवती आत नळी घाला, म्हणजे बोल्ट आवळताना भिंत दबत नाही. बोल्ट १०.९ ग्रेडचे.

उंचीसाठी मागे ठोकळे चालतात. पुढे पाट्याखाली ठोकळे कधीही घालू नका. पुढच्या धुऱ्याला ब्रेकचा आणि वळण्याचा दोन्ही ताण येतो, आणि ठोकळा निसटला तर स्टिअरिंगच जातं. पुढे उंची हवी तर कमान जास्त असलेले पाटे घ्या. यू-बोल्ट नवेच वापरा, एकदा आवळलेले ताणलेले असतात.

धुरा सरळ बसला हे कसं ओळखायचं?

आधी सगळं फक्त वेल्डिंगच्या छोट्या टाक्यांवर धरा. पाट्याची फक्त मुख्य पात ठेवा, म्हणजे जॅकने धुरा पूर्ण वर आणि पूर्ण खाली नेता येतो. चासीवर मागे दोन्ही बाजूंना एकच कारखान्याचं भोक निवडा, तिथून ओळंबा सोडून जमिनीवर खूण करा, आणि दोन्ही पाट्यांच्या मधल्या पिनपर्यंत कर्ण मोजा. फरक ३ मिलिमीटरच्या आत हवा.

कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा बाजूने दिसणारा कल) साधारण ३ ते ५ अंश, मागे झुकलेला. इथे एक ओढाताण आहे: पिनियन ट्रान्सफर केसकडे उचलायला हाउसिंग जितके अंश फिरवाल तितका कॅस्टर कमी होतो. कॅस्टर शून्याजवळ गेला की गाडी रस्त्यावर भरकटते आणि स्टिअरिंग आपोआप सरळ येत नाही. दोन-तीन अंशांपर्यंत पाट्याखाली तिरकी शिम चालते. त्याहून जास्त लागलं तर नकलचे (धुऱ्याच्या टोकाला चाक वळवणाऱ्या भागाचे) सांधे कापून फिरवून पुन्हा वेल्ड करावे लागतात. ते काम जिगवर, माहीतगारानेच करायचं. दोन्ही एकत्र साधत नसतील तर कॅस्टर राखा आणि शाफ्टला ट्रान्सफर केसच्या टोकाशी दुहेरी सांधा द्या.

ऑइल चेंबर डिफला लागतं, काय करायचं?

फोर-व्हीलचं चेंबर आणि त्याचाच ऑइल पिकअप पाइप लावा. धुरा पूर्ण वर दाबल्यावर डिफ आणि चेंबरमध्ये किमान २५ मिलिमीटर जागा राहील असा बंप स्टॉप (धुऱ्याला वर अडवणारा रबरी ठोकळा) ठेवा.

स्टिअरिंग उसळी का खातं?

ड्रॅग लिंक फार तिरपी असल्यामुळे. धुरा वर जाताना लिंकचं टोक एका कमानीत फिरतं आणि धुरा दुसऱ्या. दोघांतला फरक चाकं वळवून निघतो, म्हणून खड्ड्यात हातातलं चाक आपोआप फिरतं. लिंक शक्य तितकी आडवी ठेवा, आणि पॅनहार्ड रॉड (धुरा आडवा सरकू न देणारा दांडा) असेल तर त्याला समांतर आणि साधारण तितक्याच लांबीची. त्यासाठी वाकवलेला पिटमन आर्म किंवा नकलवर उंच आर्म लावतात. स्टिअरिंग बॉक्सच्या माउंटजवळची चासी मोठ्या टायरांनी तडकते, तिथे सुरुवातीलाच प्लेट द्या. टो-इन (पुढच्या चाकांची तोंडं आत वळलेली असण्याचं माप) १.५ ते ३ मिलिमीटर पुरे.

प्रोपेलर शाफ्ट केव्हा आणि कसे मोजायचे?

सगळ्यात शेवटी, गाडी स्वतःच्या वजनावर चाकांवर उभी असताना. आधी बनवलेला शाफ्ट हमखास चुकतो. पूर्ण दाबलेल्या अवस्थेत स्लिप जॉइंटमध्ये (शाफ्ट लांब-आखूड होऊ देणाऱ्या दात्यांच्या सांध्यात) २५ मिलिमीटर जागा शिल्लक हवी, आणि पूर्ण लोंबलेल्या अवस्थेत किमान ५० मिलिमीटर दाते एकमेकांत हवेत.

साध्या दोन क्रॉसच्या मागच्या शाफ्टला ट्रान्सफर केसचा आउटपुट आणि पिनियन १ अंशाच्या आत समांतर हवेत आणि प्रत्येक क्रॉसवर १ ते ३ अंश कोन. शून्य कोनही वाईट, कारण मग क्रॉसच्या सुया एकाच जागी दाब खातात. दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे दुशाखी भाग) एका रेषेत आहेत का ते बघा. स्लिप एक दाता जरी चुकून बसवली तरी ठरावीक वेगाला गुरगुर सुरू होते आणि बॅलन्सिंग करून ती जात नाही. सायलेन्सरचा आडवा पाइप पुढच्या शाफ्टच्या वाटेत येतो, तो आधी हलवा.

ब्रेकचं काय?

पुढचे कॅलिपर बदलले की लागणाऱ्या ब्रेक ऑइलचं प्रमाण बदलतं, म्हणून मास्टर सिलिंडर आणि प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह (पुढच्या-मागच्या ब्रेकांत दाब वाटणारा) देणगीदार गाडीचेच घ्या. होज पाइप लांब हवेत: धुरा पूर्ण लोंबकळता ठेवून स्टिअरिंग दोन्हीकडे टोकाला फिरवा. पाइप ताणला जाऊ नये आणि टायरला घासू नये.

पुढचे हब लॉकिंग हवेत का?

हवेत, आणि हाताने फिरवायचे. हब मोकळे असताना पुढचा शाफ्ट आणि डिफ फिरत नाहीत, झीज कमी होते. हबमागचं बेअरिंग दोन नटांवर असतं. आतला नट चाक फिरवत आवळून बेअरिंग बसवा, मग सैल करून हलका आवळा, वॉशर, आणि बाहेरचा नट पक्का. बाहेरचा आवळताना आतलाही थोडा दाबला जातो, म्हणून प्ले शेवटी पुन्हा तपासा.

डांबरी रस्त्यावर फोर-व्हीलमध्ये चालवू शकतो का?

कोरड्या रस्त्यावर नाही. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबची वाट चालतात आणि पार्ट-टाइम केसला तो फरक सोडता येत नाही. लिव्हर अडकून बसला असेल तर थोडं मागे घ्या, ताण सुटतो.

स्पीडोमीटर चुकीचा वेग दाखवतोय?

टायर किंवा डिफचा रेशो बदललाय. ट्रान्सफर केसच्या शेपटीतला प्लास्टिकचा छोटा गिअर योग्य दात्यांचा घाला.

कागदपत्रं?

बहुतेक ठिकाणी चासी, धुरा आणि सस्पेन्शनमधला असा बदल नोंदणी कार्यालयाकडून मंजूर करून घ्यावा लागतो. कापण्याआधी लेखी विचारा आणि विम्यालाही कळवा.

पहिल्यांदा चालू करताना काय बघायचं?

स्टँड धुऱ्याखाली लावा, चासीखाली नाही. नाहीतर धुरे लोंबतात आणि क्रॉस आडमुठ्या कोनात फिरतात. चारही चाकं हवेत, इंजिन आयडलवर, आधी टू-व्हील, मग हब लॉक करून फोर-व्हील. पुढची चाकं पुढेच फिरतायत ना, हे डोळ्यांनी बघा. मग मोकळ्या मातीवर फोर-व्हीलमध्ये सावकाश इंग्रजी आठचा आकडा काढा. टोकाला वळताना कटकट आली तर पुढच्या धुऱ्याचा बाहेरचा सांधा तपासा.

८० ते १०० किलोमीटरनंतर यू-बोल्ट, चाकाचे नट, शाफ्टचे बोल्ट पुन्हा आवळा. ५०० किलोमीटरनंतर दोन्ही डिफ आणि ट्रान्सफर केसचं तेल काढून बघा. चुंबकी प्लगवर राखाडी लेप असेल तर ती नव्या भागांची झीज, बोटाला टोचणारा कण असेल तर उघडा. हायलक्ससारख्या बंद नकलच्या धुऱ्यात मागच्या बाजूने पातळ, काळपट रस्सा गळताना दिसला तर आतलं सील गेलंय आणि डिफचं तेल ग्रीसमध्ये मिसळतंय. वरून ग्रीस भरत राहून ते थांबत नाही, नकल खोलून सील बदलावं लागतं. वेल्डिंगवर पातळ पांढरा रंग मारून ठेवा. चीर गेली तर रंगावर गंजाची बारीक रेघ उमटते.